शुक्रवारच्या दुपारचं विधेयक

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची यादी अजून आमच्याकडे आहे. १९७८ साली बेळगावात, शहापूरच्या आमच्या घरी माजघरात बैठक बसली तेव्हा वडिलांनी ती स्वतःच्या हातानं लिहिली. शाळेच्या वहीचं पान, चार घड्या घालून ठेवलेलं. वर ‘श्री’, खाली दोन रकाने : वधूपक्षाने करावयाचे, वरपक्षाने करावयाचे. डावा रकाना पान संपेपर्यंत उतरतो, उजवा पाच ओळींत आटोपतो. नवरदेवाचा पोशाख, घड्याळ, अंगठी, विहीणबाईंची साडी, करवल्यांचे मान, वऱ्हाडाचं जाण्यायेण्याचं भाडं, दोन्ही वेळचं जेवण, आणि सगळ्यात शेवटी ‘इतर मानपान रीतीप्रमाणे’. त्या पानावर हुंडा हा शब्द कुठेही नाही. बैठकीत मुलाकडच्या मंडळींनीच दोनदा सांगितलं होतं, आम्ही हुंडा घेत नाही. रोख रक्कम पाकिटातून गेली. ती यादीत लिहायची नसते.

पहिल्या दिवाळसणाला स्कूटरचा विषय निघाला. वडील शाळामास्तर. हातात काहीच उरलेलं नव्हतं. ओळखीच्या एका वकिलांकडे ते यादी घेऊन गेले. वकील भले होते. त्यांनी १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा काढून वाचून दाखवला. लग्नाचा मोबदला म्हणून दिलेली मालमत्ता म्हणजे हुंडा. लग्नात दिलेली रोकड, दागिने, कपडे या भेटी समजायच्या. मोबदला म्हणूनच दिल्याचं सिद्ध झालं, तरच तो हुंडा. ‘‘यात मोबदला कुठे लिहिलाय, मास्तर?’’ असं त्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं. आणि मग म्हणाले, ‘‘शिवाय या कायद्यात देणाराही गुन्हेगारच असतो.’’ वडिलांनी यादीची घडी घातली आणि घरी आले. आईच्या पाटल्या मोडून स्कूटर दिली गेली. पुढची तीस वर्षं बहिणीनं सासरी जे ऐकून घेतलं, ते तिचं ती सांगेल तेव्हा सांगेल.

या संग्रहात ज्यांच्या संसदेतल्या कामाची ओळख करून दिली आहे, त्या प्रमिला दंडवते १९८० साली लोकसभेत उभ्या राहिल्या त्या असल्या पानांसाठी. आमचं पान त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण अशी पानं घरोघर होती आणि देशाच्या कायद्याला ती वाचता येत नव्हती. कायद्याला यादी वाचायला शिकवायची, हे प्रमिलाताईंनी हाती घेतलेलं काम होतं. त्यांच्या संसदीय कारकिर्दीकडे मी याच खिडकीतून पाहते. राजकारणाचा हिशेब निवडणुका आणि मंत्रिपदांत मांडणाऱ्यांना ही कारकीर्द लहान वाटेल. एकच टर्म, तीही विरोधी बाकावर. मला ती तशी वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना आहे.

बेंगळूरुच्या बनशंकरीत आम्ही आठ-नऊ जणी महिन्यातून एकदा वाचायला जमतो. बहुतेकींची घरं मराठी, दोघी कानडी. त्यांना मराठी समजतं, बोलताना त्या कानडीत बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही. कादंबऱ्या, आत्मचरित्रं वाचून झाल्यावर आमच्यातल्या एका तरुण मुलीनं सुचवलं, लोकसभेचं कामकाज वाचूया. सुरुवातीला सगळ्याच गप्प झालो. तिनं छापून आणलेले कागद पाहिल्यावर कुतूहल वाढलं. लोकसभेच्या जुन्या वृत्तांतात पानाला नव्हे, रकान्याला क्रमांक असतो. भाषण रंगात आलेलं असतं आणि मध्येच कंसात एकच शब्द येतो, ‘व्यत्यय’. त्या एका शब्दात किती माणसं ओरडत असतील, कोण उठून उभं राहिलं असेल, काही कळत नाही. मग पुन्हा त्याच सदस्याचं नाव आणि पुढचं वाक्य. व्यत्ययाच्या आधी तुटलेलं वाक्य बाई पूर्ण करते की सोडून देते, हे आम्ही पाहायला लागलो. यातून आम्हाला वाचायची एक रीत सापडली. हा संग्रह त्याच वाचनातून उभा राहिला आहे.

प्रमिलाताईंचा जन्म १९२८ चा, मुंबईतला. घडण राष्ट्र सेवा दलातली, पक्ष समाजवादी. मधु दंडवत्यांशी लग्न झालं आणि घरात दोन कार्यकर्ते झाले. मुंबई महापालिकेत त्या नगरसेविका होत्या. नळ, रेशन, रॉकेल या गोष्टी त्यांनी सभागृहात बोलायच्या आधी रांगेत उभं राहून पाहिल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. त्यात मृणाल गोरे होत्या, अहिल्या रांगणेकर होत्या, तारा रेड्डी होत्या आणि प्रमिलाताई होत्या. दोघी समाजवादी, दोघी कम्युनिस्ट. त्या काळात या दोन घरांचं फारसं पटत नसे. पण तेल आणि डाळ कुणाच्याच घरात पुरत नव्हती. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. लाटणे मोर्चा हा शब्द मराठीला तेव्हापासूनचा. स्वयंपाकघरातली वस्तू घेऊन सचिवालयावर जाता येतं, हे त्या बायकांनी दाखवलं. मला वाटतं, प्रमिलाताईंच्या संसदेतल्या कामाचं मूळ तिथे आहे. आठ वर्षांनी त्या लोकसभेत ज्या वस्तूविषयी बोलणार होत्या, तीही स्वयंपाकघरातलीच होती : स्टोव्ह.

पण त्याआधी आमचं बेंगळूरु येतं.

बनशंकरीहून हिरव्या मार्गावरची मेट्रो पकडायची, मॅजेस्टिकला उतरून जांभळ्या मार्गावर बदलायचं, एक स्थानक पुढे विश्वेश्वरय्या स्थानकाला बाहेर पडायचं आणि शेषाद्री रस्त्याकडे थोडं चालायचं. तिथे फ्रीडम पार्क आहे. संध्याकाळी माणसं फेऱ्या मारतात, एका बाजूला कुठलं ना कुठलं धरणं चालू असतं. मधोमध टेहळणीचा मनोरा उभा आहे, काही बराकी आणि कोठड्या जपून ठेवल्या आहेत. हे पूर्वीचं मध्यवर्ती कारागृह. कैदी परप्पन अग्रहारला हलवल्यावर २००८ साली इथे बाग झाली. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची बातमी आली, तेव्हा संसदेच्या एका समितीच्या कामासाठी काही विरोधी खासदार बेंगळूरुला आलेले होते. पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकावर ती समिती विचार करत होती. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधु दंडवते यांना इथेच अटक झाली. मधु दंडवते पुढे बराच काळ या तुरुंगात होते. थोड्याच दिवसांत प्रमिलाताईंनाही पकडलं आणि येरवड्यात ठेवलं.

नवरा बेंगळूरुच्या तुरुंगात, बायको पुण्याच्या, मुलगा बाहेर. जवळपास दीड वर्ष. या काळात दोघांनी एकमेकांना दोनशेच्या आसपास पत्रं लिहिली. प्रत्येक पत्र तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जायचं. ज्या माणसानं तुम्हाला कोंडलं आहे त्याच्या डोळ्यांदेखत आपल्या माणसाला लिहायचं, जीव तोडून लिहायचं आणि तरी एकही शब्द असा ठेवायचा नाही की तो खोडला जाईल. हे शब्दांचं शिक्षण फार कठोर आहे. पुढे त्या कायद्याच्या एकेका शब्दापाशी थांबून तो का बदलायला हवा याची मांडणी करताना दिसतात, तेव्हा मला येरवड्यातल्या त्या पत्रांची आठवण होते.

याच बेंगळूरुच्या तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या. ‘संस्कार’ या कानडी चित्रपटातली त्यांची भूमिका इथल्या जुन्या माणसांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. दम्याचा जबर आजार असताना त्यांना महिनोन्‌महिने कोठडीत ठेवलं. रात्रीच्या शांततेत त्यांचं ओरडणं आपल्याला ऐकू यायचं, असं मधु दंडवत्यांनी लिहून ठेवलं आहे. जानेवारी १९७७ मध्ये, सुटकेनंतर काही दिवसांतच त्या गेल्या. आमच्या गटातल्या दोन्ही कानडी मैत्रिणींनी हा संग्रह करताना एक अट घातली होती, की प्रमिलाताईंची ओळख बेंगळूरुतून करून द्यायची तर स्नेहलतांचं नाव त्यात आलं पाहिजे. ती अट योग्यच होती.

१९७७ ला जनता पक्षाचं सरकार आलं. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबई उत्तर-मध्यमधून अहिल्या रांगणेकर आणि मुंबई उत्तरमधून मृणाल गोरे लोकसभेत गेल्या. प्रमिलाताई त्या वर्षी खासदार नव्हत्या. त्यांनी महिला दक्षता समिती उभी केली. दिल्लीत तरुण सुना जळून मरत होत्या आणि पोलिसांच्या कागदावर एकच ओळ पडत होती : स्टोव्हचा भडका. रॉकेलचा स्टोव्ह त्या काळी घरोघर होता. पिन मारायची, पंप मारायचा, काकडा लावायचा. माझ्या आईनं असा स्टोव्ह तीस वर्षं वापरला. भडकला तर तो कुणावरही भडकेल. सासूवर, नणंदेवर, चहा करणाऱ्या दिरावरही. पण मरत होत्या त्या फक्त लग्नाला दोन-तीन वर्षं झालेल्या सुना. असं का, हा साधा प्रश्न विचारायला दिल्लीत ज्या संघटना सर्वांत आधी पुढे आल्या, त्यांत महिला दक्षता समिती होती. १९७९ मध्ये दिल्लीच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले, मुलीच्या सासरच्या दारात घोषणा झाल्या. अपघात म्हणून मिटवलेल्या मृत्यूंना लोक आता खून म्हणू लागले.

जानेवारी १९८० च्या निवडणुकीत जनता पक्ष पार कोसळला. काँग्रेसला ३५३ जागा, जनता पक्षाला ३१. त्या पडझडीत मुंबई उत्तर-मध्यनं प्रमिलाताईंना निवडून दिलं. सलग दोन निवडणुकांत दोन वेगवेगळ्या पक्षांच्या दोन स्त्रिया एकाच मतदारसंघातून लोकसभेत गेल्या, ही गिरणगावाला लागून असलेल्या त्या वस्त्यांची नोंद घ्यावी अशी गोष्ट आहे. सातव्या लोकसभेत सगळ्या मिळून २८ स्त्रिया होत्या. सरकार भक्कम, विरोधक विखुरलेले, आणि त्यात ही पहिल्यांदाच आलेली खासदार.

अशा खासदाराच्या हातात असतं तरी काय? शुक्रवारची दुपार. लोकसभेच्या नियमांप्रमाणे शुक्रवारच्या बैठकीतले शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामासाठी राखून ठेवलेले असतात. मंत्री नसलेला कोणताही सदस्य तेव्हा स्वतःचं विधेयक मांडू शकतो. आठवडा संपत आलेला असतो, पुष्कळ सदस्य गावी जायच्या गाडीकडे निघालेले असतात, बाकं रिकामी होत जातात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा होऊ शकली आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं आहे. म्हणजे प्रमिलाताई १९८० मध्ये हुंडा प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करणारं आपलं विधेयक घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा गेली दहा वर्षं अशा एकाही विधेयकाचा कायदा झालेला नव्हता. ते मंजूर होणार नाही, हे त्यांना माहीत असणारच. तरी त्यांनी ते मांडलं, कारण शुक्रवारच्या दुपारी बोललेला शब्दही वृत्तांतात उतरतो आणि सरकारला त्यावर उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

इथे १९६१ ची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती माहीत नसेल तर पुढचं नीट कळत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा हा संसदेतल्या मोठ्या भांडणातून जन्मलेला कायदा आहे. लोकसभा आणि राज्यसभा यांचं काही कलमांवर एकमत होईना. विधेयक या सभागृहातून त्या सभागृहात फिरत राहिलं. शेवटी ६ आणि ९ मे १९६१ ला दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घ्यावी लागली; प्रजासत्ताकाच्या इतिहासातली ती पहिली संयुक्त बैठक. भेटी कशाला म्हणायचं आणि हुंडा कशाला, हा वादातला मोठा विषय होता. त्यातून निघालेल्या कायद्यात भेटींना मोकळीक मिळाली आणि मोबदल्याची अट राहिली. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस आपणहून काही करणार नाहीत. जामीनपात्र. शिक्षा फार तर सहा महिने किंवा पाच हजार रुपये दंड. हुंडा मागितल्याबद्दल खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी. १ जुलै १९६१ पासून हा कायदा लागू झाला आणि आमच्या माजघरासारख्या माजघरांतून याद्या लिहिल्या जातच राहिल्या. ज्यांनी तो कायदा केला त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण बैठकीला बसलेल्या माणसांना काय लिहायचं आणि काय पाकिटातून द्यायचं हे कायद्यापेक्षा चांगलं कळत होतं.

प्रमिलाताईंच्या विधेयकाचा परिणाम असा झाला की १९८० च्या अखेरीस संसदेच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली. तिला १९६१ च्या कायद्याचं काय झालं हे तपासायचं होतं. अध्यक्ष होत्या काँग्रेसच्या कृष्णा साही. समितीनं संघटनांचं आणि व्यक्तींचं म्हणणं ऐकलं आणि ऑगस्ट १९८२ मध्ये अहवाल दिला. मोबदला या शब्दामुळे हुंडा सिद्ध करणं जवळपास अशक्य झालं आहे, हे आता खुद्द संसदेच्या कागदावर आलं. विरोधी बाकावरच्या एका बाईनं शुक्रवारी दुपारी विचारलेला प्रश्न दोन वर्षांत सत्तारूढ पक्षाच्या सदस्या अध्यक्ष असलेल्या समितीनं स्वतःचा करून घेतला. संसदेत यश म्हणतात ते बहुतेक वेळा असं असतं. मूळ माणसाचं नाव कायद्यावर राहत नाही.

मग दुरुस्त्या एकामागून एक आल्या. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं. नवऱ्यानं किंवा त्याच्या नातलगांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा झाला. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवचिकित्सा टाळता येणार नाही, अशी तरतूद त्याच वेळी झाली. स्टोव्हचा भडका ही ओळ लिहून फाईल बंद करणं आता सोपं राहिलं नाही. १९८४ मध्ये हुंडा प्रतिबंधक कायदाच दुरुस्त झाला. ‘लग्नाचा मोबदला म्हणून’ हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी ‘लग्नाच्या संबंधात’ असे शब्द आले. भेटींना मोकळीक देणारं स्पष्टीकरण वगळलं गेलं. १९८६ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली : किमान शिक्षा पाच वर्षं, लग्नानंतर कधीही मागितलेलं तेही हुंडाच, आणि दंड संहितेत हुंडाबळी हा नवा गुन्हा.

‘मोबदला’ ऐवजी ‘संबंध’. एवढाच बदल. पण आमच्या यादीवर हे शब्द ठेवून पाहा. घड्याळ, अंगठी, पोशाख, पहिल्या दिवाळसणाची स्कूटर. यातलं काय लग्नाच्या संबंधात नाही? वकिलांनी वडिलांना विचारलेला प्रश्न या एका शब्दानं निकाली निघाला असता. आणि देणारा गुन्हेगार ही भीती? देणाऱ्याला कायद्यातून पूर्ण वगळलेलं नाही, पण पीडित व्यक्तीनं दिलेल्या जबाबामुळे तिच्यावरच खटला होणार नाही, अशी तरतूद १९८६ च्या दुरुस्तीत आली. वडील १९८५ साली गेले.

१९८६ च्या या दुरुस्तीच्या वेळी केंद्रात महिला आणि बालविकास खात्याच्या राज्यमंत्री होत्या आमच्या कर्नाटकच्या मार्गारेट अल्वा. मंगळूरच्या, १९७४ पासून सलग चार वेळा राज्यसभेवर. त्यांच्या सासूबाई व्हायोलेट अल्वा १९६२ ते १९६९ राज्यसभेच्या उपसभापती होत्या. मुंबईत वकिली केलेल्या, आणि उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे युक्तिवाद करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री वकील म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या. या संग्रहात या दोघींवर स्वतंत्र टिपणं आहेत, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. एक गोष्ट मात्र सांगते. प्रमिलाताई आणि मार्गारेट अल्वा यांचे पक्ष वेगळे, सभागृहं वेगळी. आणीबाणीत एक तुरुंगात होती तेव्हा दुसरी सत्ताधारी बाकावर होती. हा फरक लहान नाही आणि आमच्या गटात त्यावर कडाक्याचं भांडणही झालं. पण १९८० ते १९८६ या सहा वर्षांचं कामकाज ओळीनं वाचलं, तर हुंड्याचा प्रश्न एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, एका बाईच्या हातातून दुसरीच्या हातात जाताना दिसतो. तो कुणाही एका पक्षाचा नव्हता.

१९८४ च्या निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, प्रमिलाताई हरल्या. पुन्हा लोकसभेत गेल्या नाहीत. बाहेर राहून लढत राहिल्या. संसदेत स्त्रियांना राखीव जागा मिळाव्यात ही मागणी त्यांनी शेवटपर्यंत लावून धरली. सप्टेंबर १९९६ मध्ये ते विधेयक प्रथम लोकसभेत आलं, गीता मुखर्जींच्या समितीनं त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला, आणि मग ते पुन्हापुन्हा अडलं. अडवणाऱ्यांत त्यांच्या स्वतःच्या राजकीय कुटुंबातली माणसंही होती. २००१ च्या अखेरीस प्रमिलाताई गेल्या. ते विधेयक मंजूर व्हायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला, आणि जनगणना व मतदारसंघांची फेररचना झाल्याशिवाय ते लागू होणार नाही असं त्यातच लिहिलं आहे. २०२४ ला निवडून आलेल्या लोकसभेत ७४ स्त्रिया होत्या. २८ वरून ७४. मधली ४४ वर्षं.

त्यांच्यावर जे लिहिलं गेलं आहे त्यातलं पुष्कळसं ‘मधु दंडवत्यांच्या पत्नी’ या शब्दांनी सुरू होतं, याचा मला राग येतो. मधु दंडवत्यांबद्दल मला नितांत आदर आहे. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्यामुळे, आणि त्या गादीवर झोपून मी बेळगाव-बेंगळूरु असा प्रवास आयुष्यभर केला आहे. पण रेल्वेची गादी जशी लोकांच्या लक्षात राहिली, तसा कायद्यातला बदललेला शब्द राहिला नाही. गादी हाताला लागते. शब्द पोलीस ठाण्यात, कोर्टात, तेही गरज पडलेल्या माणसालाच भेटतो.

गेल्या श्रावणातल्या एका मंगळवारी मी आमच्या बनशंकरी देवळात गेले होते. मंगळवारी तीन ते साडेचार राहुकाळ. या देवीची पूजा राहुकाळात करतात. बायका लिंबं अर्धी कापून, पिळून, सालं उलटी करून त्यांच्या वाट्या करतात, त्यात तूप आणि वात घालून दिवे लावतात. दगडी कट्ट्यावर दिव्यांच्या ओळी, लिंबाचा आणि जळत्या तुपाचा वास, पायाखाली चिकट झालेली फरशी. माझ्या शेजारी दिवे लावणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. मुलीचं लग्न ठरत आलं होतं, त्यासाठी नऊ मंगळवार बोलल्या होत्या. कानडीत हुंड्याला नेहमीचा शब्द वरदक्षिणे असा आहे. मराठीत वरदक्षिणा म्हटलं की त्याला विधीचं सोवळं नेसवलेलं असतं. कानडीत तो सरळ हुंडाच. बाई आनंदानं म्हणाल्या, ‘‘वरदक्षिणे बेड अंदरु.’’ हुंडा नको म्हणालेत. मग वात सरळ करत म्हणाल्या, ‘‘मदुवे मात्र चेन्नागि माडिकोडि अंदरु.’’ लग्न मात्र चांगलं करून द्या म्हणालेत. चांगलं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि नववा दिवा अजून पेटायचा होता.

आपल्या देशात हुंडाबळीच्या दरवर्षी सहा हजारांच्या आसपास नोंदी होतात. दुसऱ्या बाजूला, ४९८-अ चा गैरवापर होतो अशी तक्रारही न्यायालयांपुढे आली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये असं बजावलं. या दोन्ही गोष्टी संग्रहात आल्या आहेत. काही वाचकांना वाटेल, मग प्रमिलाताईंच्या त्या खटाटोपाचं काय झालं? माझं उत्तर माझ्या बहिणीच्या हातात आहे. ती आता माझ्याकडेच बनशंकरीत असते. गटाच्या बैठकीत ती बोलत नाही, कोपऱ्यात बसून निवडटिपण करत ऐकते. ज्या दिवशी आम्ही १९६१ आणि १९८४ च्या व्याख्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, त्या रात्री तिनं ट्रंकेतून यादी काढली. चष्मा लावून ती एकेका ओळीवर बोट फिरवत गेली आणि ‘इतर मानपान रीतीप्रमाणे’ या ओळीपाशी थांबली. ‘‘हे पण येतं ना गं आता त्यात?’’ असं तिनं विचारलं. येतं, असं मी म्हटलं. तिनं यादीची घडी केली आणि ट्रंकेत न ठेवता माझ्या हातात दिली. संग्रहात घे, म्हणाली, नावं तेवढी झाक.

म्हणून या संग्रहाचं पहिलं पान ती यादी आहे. दुसऱ्या पानावर १९६१ ची व्याख्या आहे, तिसऱ्यावर १९८४ ची. लोकसभेच्या कामकाजातले उतारे आणि त्यावरची आमची टिपणं त्यानंतर सुरू होतात. वाचकांना विनंती एवढीच, की ही तीन पानं आधी वाचावीत, आणि उतारे वाचताना जिथे कंसात ‘व्यत्यय’ दिसेल तिथे क्षणभर थांबून पुढचं वाक्य कुठून सुरू होतं ते पाहावं.

बनशंकरी, बेंगळूरु